कोकणात पहिल्यांदा लॅकर (लाकडावरचं झटपट सुकणारं पॉलिश) मारताय?

पावसाळ्यात नकोच. थिनर उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि फणसाच्या पाटावर दुधाळ साय धरते. दिवाळीनंतर, ऊन चढल्यावर सुरू करा. साय आलीच तर घासू नका. रिटार्डर थिनरचा (हे सावकाश उडतं) हलका फवारा बहुतेकदा ती उतरवतो.

आधी सँडिंग सीलर (लाकडाची छिद्रं भरणारा पहिला थर), सुकल्यावर ३२० नंबरचा पॉलिश पेपर. पाटाला ब्रश पुरे, पण मऊ केसांचा. एकदा ओढला की परत फिरवू नका, खालचा थर विरघळून उठतो. (सगळे इथेच चुकतात!) फवारायचंच असेल तर स्प्रे गन ६ ते ८ इंचांवर धरा: लांबून खरखरीत, जवळून ओघळ. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी काढा. दारं उघडी, चूल आणि विडी लांब, मास्क कार्बन फिल्टरचाच.