फॉरमॅटला आज नाही म्हणा

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, चिपळूणला राहते. भाच्याने लॅपटॉपवर उबुंटू टाकून दिलंय, तीन वर्षं कुरकुर नाही. परवा अपडेट झालं आणि पासवर्डच्या चौकटीत अक्षरच उमटेना. कॅप्स लॉकचा दिवाही लागत नाही. टचपॅड मात्र चालतं. सुरू करताना एफ२ दाबलं की सेटिंगचा पडदा येतो, तिथे बाणाच्या कळा चालतात. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल. आत माझं चारशे पानांचं लिखाण आहे, दुसरी प्रत नाही.

उत्तर : ताई, दुकानदाराला आज नाही म्हणा. एफ२च्या पडद्यावर कळा चालतात हे तुम्ही लिहिलंत, तिथेच निम्मं निदान झालं. तो पडदा लिनक्स, म्हणजे उबुंटूचा पाया, सुरू होण्याआधीचा. म्हणजे कळा, त्यांना जोडणारी आतली वायरची पट्टी, सगळं शाबूत आहे. बिघाड लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, असणार. तुमचं लिखाण डिस्कवर जसंच्या तसं आहे.

टचपॅड चालतं आणि कीबोर्ड नाही, हे कसं? बऱ्याच लॅपटॉपांत कीबोर्ड आय८०४२ नावाच्या जुन्या वाटेने जोडलेला असतो, टचपॅड वेगळ्या वाटेने. नव्या कर्नलमध्ये ती जुनी वाट अडली, की एवढंच बंद पडतं.

आधी लिखाण बाहेर काढा. शेजाऱ्यांकडून यूएसबी कीबोर्ड आणा. त्याची वाट तिसरीच, तो बहुधा चालेल. नाही मिळाला तर लॉगिनच्या पडद्यावर वर उजवीकडे माणसाच्या आकृतीचं चिन्ह आहे. त्यात स्क्रीन कीबोर्ड चालू करा आणि पासवर्ड टचपॅडने एकेक अक्षर टिपत भरा. माझ्यावर ही पाळी आली तेव्हा अकरा अक्षरांना मला पाच मिनिटं लागली, पण आत गेले. मग सगळं पेनड्राइव्हवर घ्या. प्रत झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, हे मी कळकळीने सांगते.

आता दुरुस्ती. अपडेटनंतरही उबुंटू जुना कर्नल सहसा ठेवून देतं. मशीन सुरू करा, कंपनीचं चिन्ह दिसून गेलं की एस्केप एकदाच दाबा. जास्त वेळा दाबलं गेलं तर काळ्या पडद्यावर नुसतं ‘ग्रब’ येतं. घाबरू नका, बंद करून पुन्हा करा. सुरू करण्याच्या पर्यायांची यादी आली की ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा. सर्वांत वर नवा कर्नल, खाली जुने. प्रत्येकाची ‘रिकव्हरी मोड’ अशी जोडओळ असते, ती सोडा. जुन्यातली साधी ओळ निवडून एंटर. कीबोर्ड चालला, की दोष नव्या कर्नलचाच.

पुढची दुरुस्ती येईपर्यंत जुन्यावर काम करा. फक्त सुरू करताना दर वेळी तीच ओळ निवडावी लागेल, नाहीतर मशीन आपोआप नव्यावर जातं.

जुन्यावरही कळा मुक्याच राहिल्या, तर त्या यादीतल्या सगळ्या ओळी आकड्यांसकट कागदावर उतरवा आणि लॅपटॉपच्या मॉडेलच्या नावासह मला पाठवा.