जागा त्यांची, माल तुमचा

प्रश्न : मी पुण्यात मातीची भांडी घडवते. यंदा दिवाळीआधीच्या ४५ दिवसांसाठी एका जुन्या बंगल्याचा तळमजला घेऊन आम्ही तिघींनी पॉप-अप, म्हणजे थोड्या दिवसांपुरतं दुकान, मांडलं. माझी आणि आणखी सात कारागिरांची भांडी, एका मैत्रिणीने त्यासाठी बनवलेली टेबलं आणि मांडण्या, आणि दुसरीचा घावन-सोलकढीचा छोटा काउंटर. मालकांशी सगळं व्हॉट्सॲपवर ठरलं, नोंदणीकृत करार नाही. जागेचे १,८०,००० रुपये आगाऊ आणि १,००,००० डिपॉझिट ऑनलाइन दिले. एकोणीस दिवस छान गेले. विसाव्या दिवशी सकाळी गेटला नवीन कुलूप. शेजाऱ्यांनी गर्दीची आणि वासाची तक्रार केली, महापालिकेची नोटीस येईल, म्हणून बंद केलं, असं मालक म्हणतात. आम्ही भिंतीवर काढलेलं चित्र पुसून रंग द्यायचे ८५,००० भरल्याशिवाय माल सोडणार नाहीत आणि डिपॉझिटही जप्त. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, 'तुम्ही भाडेकरू आहात, कुलूप तोडा आणि आत जा.' काय करावं?

उत्तर : कुलूप तोडू नका. आज तुमची बाजू स्वच्छ आहे. कुलूप तोडलंत तर उद्या पोलिसांसमोर उत्तरं तुम्हाला द्यावी लागतील आणि मूळ विषय बाजूला पडेल. दिवाळीला २६ दिवस उरलेत. पणत्या आणि भांडी दिवाळीनंतर त्या भावाने जाणार नाहीत, म्हणून आधी माल बाहेर काढायचा. पैशांचं भांडण नंतरही लढता येतं, त्याला तीन वर्षांची मुदत आहे.

'भाडेकरू आहात' हा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असेल, पण तो धरू नका. कायद्यात पॉप-अप नावाचा प्रकार नाही. जागा एक तर भाडेपट्ट्याने दिलेली असते, नाही तर नुसत्या वापराच्या परवानगीने, म्हणजे लायसन्सने. दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलमधल्या क्लोकरूममध्ये चालणाऱ्या केशकर्तनाच्या व्यवसायाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये निकाल दिला. कागदावर नाव काय घातलंय यापेक्षा जागेचा ताबा खरोखर कुणाकडे होता हे पाहायचं, असं त्यात सांगितलं आहे. तुमच्याच पत्रानुसार गेटची किल्ली मालकांकडे होती, सकाळी दहाला तेच उघडायचे, आणि वरच्या मजल्यावर राहणारं त्यांचं कुटुंब तुमच्या दालनातूनच ये-जा करायचं. हे लायसन्सच आहे. त्यात तुमचं नुकसान नाही, कारण तुम्हाला त्या बंगल्यात राहायचं नाही, तिथून निघायचं आहे.

लायसन्स मालकांना बहुधा रद्द करता येतं. पण इंडियन ईझमेंट्स ॲक्ट, १८८२ चं कलम ६३ सांगतं की ते रद्द झाल्यावर जागा सोडायला आणि तिथे ठेवू दिलेला माल हलवायला वाजवी वेळ मिळणं हा तुमचा हक्क आहे. रात्रीतून कुलूप बदलणं म्हणजे वाजवी वेळ नव्हे. पुढचं कलम ६४ : मोबदला घेऊन दिलेल्या जागेतून, तुमचा दोष नसताना, मुदतीआधी बाहेर काढलं तर भरपाई मागता येते. 'तुमचा दोष नसताना' हे शब्द लक्षात ठेवा, त्यावर पुढे बोलायचं आहे.

करार नोंदवलेला नाही याची तुम्हाला सगळ्यात जास्त भीती वाटते, असं पत्रातून जाणवलं. ती भीती उलट्या बाजूला असायला हवी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे इमारतीतली जागा भाड्याने किंवा लिव्ह अँड लायसन्सवर देताना करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदवून घेण्याची जबाबदारी जागामालकाची. त्याने ती पाळली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तुमच्यासाठी खरी ताकद त्याच कलमातल्या दुसऱ्या वाक्यात आहे : असा नोंदणीकृत करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल वापरणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. मुदत ४५ दिवसांची होती, खाद्यपदार्थ चालणार होते, भिंत रंगवायला होकार होता, हे तुम्ही सांगायचं. खोडून काढायचं काम त्यांचं. आणि तुमच्याकडे नुसता शब्द नाही. भिंतीच्या चित्राचं स्केच पाठवल्यावर 'मस्त, करा' असा त्यांचा मेसेज आहे, ओव्हनसाठी कुठला प्लग वापरायचा हे त्यांनीच फोटोवर खूण करून दाखवलंय. चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका. कोर्टात ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील तयार करतील.

आता माल अडवण्याबद्दल. येणं आहे म्हणून दुसऱ्याच्या वस्तू धरून ठेवायचा सरसकट अधिकार भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७१ ने बँका, अडते, उच्च न्यायालयाचे ॲटर्नी अशा मोजक्या लोकांना दिला आहे. जागामालक त्या यादीत नाहीत. शिवाय त्या खोलीतला बराचसा माल तुमचाही नाही. सात कारागिरांची भांडी तुम्ही जांगडावर, म्हणजे विकली तर पैसे नाही तर माल परत या बोलीवर, घेतली आहेत, टेबलं मैत्रिणीची आहेत. तुमच्याकडून म्हणे ८५,००० येणं आहे, त्यासाठी तिसऱ्याच माणसाची कढई किंवा सुरई कुणी कशी अडवेल? म्हणून सातही कारागिरांना आणि मैत्रिणीला आपापल्या सहीचं पत्र मालकांना पाठवायला सांगा : अमुक नग आमचे आहेत, परत द्या. जांगडाच्या चिठ्ठ्या सोबत जोडा. एका बाईशी वाद आहे असं समजणाऱ्या मालकांसमोर आठ धनी उभे राहिले की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

वकिलाची नोटीस उद्याच जाऊ दे. तीन दिवसांत, दोन साक्षीदारांसमोर, यादीनुसार माल ताब्यात द्यावा, एवढीच तिची मुख्य मागणी. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात यादीसह लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 'ही दिवाणी बाब आहे' असं तिथे सांगतील, तरी अर्ज द्याच. त्यातला माल पुढे विकला किंवा वापरला गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४, म्हणजे मालमत्तेचा अप्रामाणिक अपहार, लागू शकतं. तेव्हा आजची तारीख उपयोगी पडेल. तीन दिवसांत माल मिळाला नाही तर जंगम वस्तू परत मिळवण्यासाठी स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ खाली दावा आणि सोबत तातडीचा अर्ज : कोर्टाने माणूस नेमून मालाची पाहणी आणि यादी करावी. कोर्टाला दिवाळीची सुट्टी लागण्याआधी हे व्हायला हवं, म्हणून नोटिशीत पंधरा दिवसांची मुदत लिहू देऊ नका.

भिंतीबाबत माझा आग्रह आहे की तुम्हीच पुढाकार घ्या. 'आमचा रंगारी आणून दोन दिवसांत भिंत पूर्ववत पांढरी करून देतो' असं नोटिशीतच लिहा. एका भिंतीला ८५,००० लागत नाहीत, आणि या एका वाक्याने माल अडवण्याचं निमित्तच संपतं.

आता तुमची कच्ची बाजू. मैत्रिणीकडे अन्न सुरक्षा नोंदणी आहे, पण ती तिच्या कोथरूडच्या घरची. नोंदणी जागेनिशी असते. तात्पुरत्या स्टॉललाही ती लागतेच. मालक 'दोष' म्हणून याच्यावर बोट ठेवतील. त्यांनी काउंटर पाहून, मान्य करून एकोणीस दिवस चालू दिला, हे आपलं उत्तर आहे, पण ते पूर्ण उत्तर नाही. भरपाईच्या आकड्यात थोडी घासाघीस होईल, हे मनात धरा.

महापालिकेची नोटीस 'येईल' यावर कुणालाही बाहेर काढता येत नाही. आली असेल तर प्रत मागा. निवासी जागेचा वापर बदलल्याबद्दल ती असेल, तर जागा कशासाठी देतोय हे मालकांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. व्यवहारच बेकायदा होता असं त्यांनी म्हटलं, तरी करार अधिनियमाचं कलम ६५ आहे : करार निरर्थक निघाला तर घेतलेला लाभ परत करावा लागतो.

पैशांचा हिशोब सरळ आहे. दिवसाला ४,००० पडतात, न वापरलेल्या २६ दिवसांचे १,०४,००० आणि डिपॉझिटचे १,००,०००. डिपॉझिट जप्तीची अट चॅटमध्ये कुठेही नाही. असती तरी करार अधिनियमाच्या कलम ७४ खाली वाजवी भरपाईच मिळते, आणि खरं नुकसान झालेलं असावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे. बुडालेल्या विक्रीची भरपाईही मागा, पण त्यासाठी एकोणीस दिवसांच्या यूपीआयच्या नोंदी आणि बिलबुकं लागतील. अंदाजाचे आकडे लिहू नका.

पुढच्या वेळी जागा तीन आठवड्यांसाठी असली तरी लिव्ह अँड लायसन्स ऑनलाइन नोंदवा. मुद्रांक शुल्क साधारण पाव टक्का पडतं. किल्ली कुणाकडे राहील आणि मुदतीआधी बंद झालं तर माल किती दिवसांत उचलायचा, ही दोन वाक्यं त्यात असू द्या.

आज रात्री तिघी एकत्र बसा. फोनमधले मांडणीचे फोटो उघडा आणि नगानग यादी करा : कुणाचा नग, किंमत काय, कुठल्या फोटोत दिसतो. सकाळी ती यादी घेऊनच वकिलाकडे जा.