लातूरसारख्या ठिकाणी राहून सिरॅमिक शिल्पकार म्हणून पोट भरतं का? आणि भट्टी कोणती घ्यावी?

प्रश्न वाचून आधी हसू आलं मग चिडच आली, कारण "लातूरसारख्या ठिकाणी" हे शब्द मी लग्न होऊन इथं आल्यापासून ऐकतेय, आणि सगळ्यात जास्त घरातच. तुम्ही उदगीरचे, कलेची पदवी (बीएफए) झालीय, पुणे-बडोदा-पाँडिचेरीपैकी कुठं जावं की इथंच राहावं असं विचारलंय. शिकायला जा की, कोण नको म्हणतंय. पाँडिचेरीला रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी 1971 मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली, तिथं शिकलेले लोक आज देशभर काम करतात. मी स्वतः मुंबईला शिकले. पण शिकणं वेगळं आणि राहणं वेगळं.

पोट भरतं. शिल्पांवर नाही भरत. माझ्याकडं शंभर रुपये आले तर त्यातले सत्तर कप, दिवे, कुंड्या आणि पोरांच्या क्लासचे असतात. हे ऐकून ज्याला कमीपणा वाटतो त्यानं या धंद्यात येऊच नये, सरळ सांगते.

आता 2016 चं सांगते, कारण त्यावरून आमच्या घरात अजून भांडण आहे.

त्या वर्षी लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडंठाक. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी 144 कलम लावलं होतं, म्हणजे पाच जणींनी घागरी घेऊन एकत्र थांबायची सुद्धा चोरी. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, 10 वाघिणी, पाच लाख लिटर, ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. टीव्हीवर न दिसलेलं म्हणजे आमच्या गल्लीतली रात्री दोनची रांग. त्या रांगेत बाया नाही, घागरी उभ्या असायच्या, बाया आपापल्या ओट्यावर पेंगत असायच्या. प्लास्टिकची हिरवी, लाल, एखादी स्टीलची, एखादी पितळेची ठोक्याची. मी बघत बसायचे. एके रात्री सहज माझ्या घागरीचं बूड ओल्या मातीच्या लाटीवर दाबून बघितलं तर कंपनीची चांदणी, खालची कड, घासून घासून पडलेले चरे सगळं उमटलं. मग ठरवलं, रांगेतल्या प्रत्येक घागरीचं बूड मातीच्या टाइलवर उमटवून घ्यायचं.

माती विकतची परवडणारी नव्हती. पण तळी आटल्यामुळं लोक गाळ काढून शेतात नेत होते, त्यातलाच दोन पोती आणला. नुसती काळी माती घेऊ नका, ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना भेगाळते. विटांचा भुगा नि बारीक वाळू मिसळावी लागते. आणि आपल्याकडच्या गाळात चुनखडीचे खडे असतात, ते तुमचे खरे दुश्मन. गहू एवढा खडा राहिला तरी भाजून आठ-दहा दिवस झाल्यावर हवेतली ओल खाऊन तो फुगतो आणि टाइलचा टवका उडवतो, तेही पाहुणे बघायला आलेले असताना. म्हणून गाळ पातळ करून मैद्याच्या चाळणीतून गाळायचा.

आणि पातळ करायचा म्हटलं की पाणी. इथंच आमचे भावजी दारात उभे राहून म्हणाले, "लोकायला प्यायला पाणी न्हाई अन् वहिनी चिखल कालवायल्यात." सगळ्या गल्लीसमोर. मला त्या दिवशी उत्तर सुचलं नाही, नंतर रात्रभर सुचत राहिलं.

तर हिशोब ऐका. सव्वाशे टाइल, एकीची ओली माती दोन किलो, म्हणजे अडीचशे किलो. त्यात पाणी 20 ते 25 टक्के, म्हणजे पन्नास-साठ लिटर. चार घागरी. पातळ गाळाचं वरचं पाणी निवळलं की काढून परत तेच वापरायचे. आणि ते पिण्याचं नव्हतंच, तांदूळ-भाजी धुतलेलं होतं, वास यायचा पण माती उलट लोण्यासारखी मऊ झाली. भावजी त्याच उन्हाळ्यात दर रविवारी बोअरच्या पाण्यानं बुलेट धुवायचे, रविवारी एक बादली, तीन महिन्यांच्या बारा बादल्या. मी काही म्हणाले का?

पहिली भट्टी माझ्या घाईनं गेली. एप्रिलच्या उन्हात टाइल वरून दोन दिवसांत कडक होते, कडा वर वळतात, पण पोटात ओल राहते. जुन्या साड्या आणि प्लास्टिक झाकून आठवडाभर सावलीत वाळवायला हवं होतं. मी चौथ्या दिवशी चोवीस टाइल लावल्या, भट्टी चालू केली आणि टँकर आला म्हणून खाली गेले. घागर भरून जिन्यात आले तर वर फट्, फट्. पाण्याची वाफ झाली की ती मातीला फोडूनच बाहेर पडते. नऊ गेल्या. उरलेल्यांतल्या दोन नखानं वाजवल्यावर बद्द वाजल्या, आतून तडा. गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटण्यानं वाजवून नामदेवाला कच्चं मडकं ठरवलं, ही गोष्ट लहानपणी सगळ्यांनीच ऐकलीय, पण वाजवून कळतं हे तेव्हा खरं पटलं.

गल्लीत एक आजी होत्या, त्यांची पितळी घागर त्यांच्या लग्नातली, बुडाच्या वर टिंबाटिंबानं नाव घातलेलं. ते यावं म्हणून मी घागर आडवी करून मातीवर लोळवली. आजींना वाचता येत नव्हतं, पण नातीनं सांगितलं नाव उलटं आलंय. आजी दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. "माय, माझंच नाव उलटं कामून काढलीस? सरळ कर." आता छाप म्हटलं की उलटाच येणार. मग आठवलं, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती आहेत, दोन साच्यांत दाबून केलेल्या, आतून पोकळ. साचा! तीच उलट्या नावाची टाइल भाजून घेतली आणि तिच्यावर परत माती दाबली. नाव सरळ आलं, घागरीवर होतं तसंच खोलगट. दोनदा वाळून-भाजून जरा बारीक झालं एवढंच. आजींनी टिंबांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हां, आता हाय माझं."

शेवटी 96 टाइल गल्लीतल्या पाण्याच्या टाकीच्या कंपाउंडला लागल्या. सिमेंट वर्गणीतून, गवंड्यानं मजुरी घेतली नाही. कुणी फीत कापली नाही. मध्ये एका वाढदिवसाच्या फ्लेक्सनं चार महिने अर्धी भिंत झाकली होती, तो बायांनीच काढला. त्यानंतर मला शाळांच्या भिंतींची कामं यायला लागली, आणि ती पुण्यात बसून आली नसती, कारण पुण्यात मला कोण ओळखतंय?

भावजींनी मागच्या दिवाळीत जेवताना परत तेच काढलं. चार घागरी, भावजी. तुम्ही इथं रोज वाचता हे मला माहीत आहे.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. माझ्या मिस्टरांची नोकरी आहे आणि घर स्वतःचं आहे. माझं "पोट भरतं" हे धरूनच वाचा, पहिली तीन वर्षं मी भट्टीचे हप्ते त्यांच्या पगारातून भरलेत.

भट्टीचं राहिलंच. माझी इलेक्ट्रिक आहे, छोटी. लाइट मध्येच गेली की भट्टी गार व्हायला लागते, आणि 573 अंशांच्या आसपास मातीतली गारगोटी (क्वार्ट्झ) एकदम आकसते-फुगते, तिथं जीव टांगणीला लागतो. नुसतं 950 पर्यंत भाजायचं असेल तर आधी एखाद्या कुंभारकाकांच्या आव्यात, म्हणजे त्यांच्या मडकी भाजायच्या भट्टीत, चार वस्तू भाजून बघा, पैसे द्या, फुकट मागू नका. 1200 च्या वर जायचं असेल तर गॅसचा विचार करा. आणि इलेक्ट्रिकच घेणार असाल तर थ्री फेज मीटरचा अर्ज आधी करा, भट्टी नंतर बुक करा. माझी साडेचार महिने अंगणात ताडपत्रीखाली पडून होती.