खाजनातलं कोरगूट: बियाणं खरं कसं ओळखायचं?

प्रश्न: आमचं गोव्यात चोडणला खाजन, म्हणजे बांध घातलेली खाडीकाठची खारी शेतजमीन, आहे. गेल्या वर्षी ओळखीतून कोरगुटाचं, म्हणजे खार सोसणाऱ्या आमच्या गावठी भाताचं, बियाणं आणलं तर अर्धं रुजलंच नाही आणि जे आलं त्यात काही रोपं उंच, काही बुटकी, काहींचे दाणे कापायच्या आधीच गळून गेले. हे कोरगूट खरं का? आणि गोवा धान म्हणतात तेही कोरगूटच का?

उत्तर: कोरगूट खोटं नाही हो, पण त्यात भेसळ झालीय. पोर्तुगीज यायच्या आधीपासून गावकारीची, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेची, माणसं बांध घालून, मानशीची (बांधातल्या खाडीचं पाणी अडवणाऱ्या झडपेची) दारं सांभाळून खाजन करायची आणि जूनच्या पावसानं खार धुतला की हेच भात फेकायची, बियाणं घरचंच. मग 1968 साली जया ही सुधारित जात आली, त्यानंतर ज्योती, आणि जास्त पिकतं म्हणून लोकांनी कोरगूट सोडलं. मानस फुटून खारं पाणी आत आलं तेव्हा मात्र त्याचीच आठवण झाली. गोवा धान 1 आणि 2 या जुन्या गोव्याच्या आयसीएआर (भारतीय कृषी संशोधन परिषद) संस्थेनं कोरगुटातूनच निवडून काढलेल्या जाती, म्हणजे घरचीच लेकरं.

तुमच्याकडचं गळणारं भात बहुतेक रानटी भात असणार, ते पुढच्या वर्षी आपोआप रुजतं, म्हणून लोंब्या आल्या की लगेच उपटा. आणि मशीननं कापणी करत असाल तर आधीच्या शेतातलं भात त्यात राहिलेलं असतं, बियाण्यापुरता तुकडा आधी विळ्यानं कापा, हे माझं कळकळीचं सांगणं.

पेरायच्या आधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि आठ-दहा दिवसांनी मोजा, 80 तरी रुजायला हवेत, प्रमाणित बियाण्याचीही हीच अट आहे. मग पाण्यात मीठ विरघळवत जा, त्यात ताजं अंडं तरंगलं की भात टाका, वर आलेलं पोचट काढून फेका. पण कोरगुटाला लांब कुसळ असतं, त्यात हवा अडकून चांगला दाणाही वर राहतो, म्हणून आधी कुसळं चोळून काढा आणि नंतर गोड्या पाण्यानं दोनदा धुवा. बियाण्याचं भात उन्हात सुकवून ओल 13 टक्क्यांच्या आत आणा, दाताखाली टक्क आवाज यायला हवा. आणि उकड्या तांदळासाठी उकडलेलं भात चुकून त्यात मिसळू देऊ नका, ते कधीच रुजत नाही. या चतुर्थीला नवं, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या, घरी आणाल ना, तेव्हाच शेतातल्या चांगल्या लोंब्यांवर दोरा बांधून ठेवा.