मंगळावरच्या खडकात जुन्या जीवांच्या खुणा शोधतात म्हणजे हाडं शोधतात का?

हाडं नव्हेत हो! तिथं जीव होतेच तर सूक्ष्म. आमच्या बेळगावहून गोकाकमार्गे बागलकोटकडं या. तिथल्या कलादगी चुनखडकात कोबीचा गड्डा उभा चिरल्यासारखे थर दिसतात. ते स्ट्रोमॅटोलाइट, अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी सूक्ष्मजीवांनी थरावर थर चढवून केलेले.

मंगळावर असं काही ठळक अजून मिळालेलं नाही. जुलै २०२४ मध्ये नासाच्या पर्सिव्हरन्स रोव्हरला (मंगळावर फिरणाऱ्या यंत्रगाडीला) जुन्या नदीपात्रातल्या ‘चेयावा फॉल्स’ या खडकावर बिबट्यासारखे ठिपके दिसले. त्यांत लोहाच्या फॉस्फेट आणि सल्फाइडच्या खनिजांची चिन्हं, खडकात सेंद्रिय कार्बनही. पृथ्वीवर चिखलातले सूक्ष्मजीव अशी खनिजं घडवतात. पण ती जीवाविनाही बनतात, म्हणून ‘जीव सापडला’ ही बातमी खोटीच. त्या खडकाचा नमुना रोव्हरमध्येच आहे, पृथ्वीवर अजून आलेला नाही.