अर्जेंटिनासारखं रग्बी खेळायचंय, म्हणून कॉलेज सोडू का?

प्रश्न : मी मुंबईत अकरावी सायन्सला आहे. शाळेपासून रग्बी खेळतो, स्क्रमहाफ आहे, म्हणजे घोळक्यातून चेंडू काढून पुढे पास देणारा. अर्जेंटिनातही रग्बी फुटबॉलच्या मागेच आहे, तरी तिथली मुलं फ्रान्स-इंग्लंडमध्ये करार मिळवतात. मग मी का नाही? कॉलेज सोडून पूर्णवेळ सराव करायचा आहे. बाबा ऐकत नाहीत.

उत्तर : तू आदर्श चांगला निवडलास. पण ती मुलं तिथवर कशी पोहोचली, तेही नीट बघ.

ब्युनोस आयर्सचे क्लब आजही हौशी आहेत. खेळाडू वर्गणी भरतो, दिवसभर शिकतो किंवा नोकरी करतो आणि संध्याकाळी सरावाला येतो. 1995 मध्ये रग्बी व्यावसायिक झालं, तरी पैसे मिळवायला परदेशी जावंच लागलं. तुझ्याच जागेवर खेळणारा आगुस्तिन पिचोत 1997 मध्ये इंग्लंडच्या रिचमंड क्लबकडे गेला. पुढे त्याच्याच नेतृत्वाखाली अर्जेंटिनाने 2007 च्या विश्वचषकात यजमान फ्रान्सला दोनदा हरवून तिसरा क्रमांक मिळवला.

त्याच संघातला फेलिपे कोन्तेपोमी मला तुझ्यासाठी जास्त महत्त्वाचा वाटतो. डब्लिनमध्ये लेन्स्टर या आयरिश संघाकडून खेळता खेळता त्याने वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलं आणि विश्वचषकाच्याच वर्षी डॉक्टर झाला. 2009 मध्ये युरोपियन स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. लेन्स्टरने अंतिम सामना जिंकला, तेव्हा तो मैदानाबाहेर होता. गुडघा बरा झाल्यावर तो पुन्हा खेळला आणि आज अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय संघाचा मुख्य प्रशिक्षक आहे. पण त्या दुखापतीच्या दिवशी त्याच्या हातात पदवी होती, हे विसरू नकोस.

दुखापत झाली नाही तरी संघच नाहीसा होऊ शकतो. हाग्वारेस हा अर्जेंटिनाचा व्यावसायिक संघ 2019 मध्ये सुपर रग्बी या अनेक देशांतल्या संघांच्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता. पुढच्याच वर्षी महामारी आली, संघ स्पर्धेबाहेर गेला आणि खेळाडू मिळेल त्या देशात करार शोधत पांगले. 2023 पासून सुपर रग्बी अमेरिकास ही अमेरिका खंडातली वेगळी स्पर्धा सुरू झाली, त्यामुळे उरुग्वे, चिली, पॅराग्वेच्या मुलांनाही आता जवळच संधी आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. अनेक अर्जेंटिनी खेळाडूंचे पूर्वज इटली-स्पेनचे, त्यामुळे त्यांना युरोपचा पासपोर्ट मिळतो. क्लबला परदेशी खेळाडूंची मर्यादा सांभाळायची असते, तिथे हा कागद फार उपयोगी पडतो. तुझ्याकडे तो नाही. शिवाय फ्रान्समध्ये तिथल्याच अकादमीत घडलेल्या खेळाडूंसाठी संघात जागा राखून ठेवाव्या लागतात. तेव्हा तुझी वाट त्यांच्यापेक्षा अवघड आहे.

अवघड आहे, बंद नाही. पंधरा जणांच्या खेळापेक्षा सेव्हन्सकडे, म्हणजे सात जणांच्या रग्बीकडे लक्ष दे. 2016 पासून ते ऑलिंपिकमध्ये आहे आणि 2025 मध्ये रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम मुंबईतच झाला. दोन्ही हातांनी सारखाच लांब पास देणारा, वेगवान स्क्रमहाफ तिथेही हवा असतो. आधी राज्याच्या संघात जागा मिळव, मग भारतीय संघाच्या शिबिराचा विचार कर.

बारावी पूर्ण कर आणि जीवशास्त्र सोडू नकोस. फिजिओथेरपीला जायचं तर ते लागतंच, आणि खेळाडूला शोभणारं ते शिक्षण आहे. बाबांशी बोलताना ‘कॉलेज सोडतो’ हे आधी मागे घे. मग सराव आणि अभ्यासाचं आठवड्याचं वेळापत्रक कागदावर मांडून त्यांना दाखव. त्या वेळी तुझ्या प्रशिक्षकांनाही घरी बोलाव. तू नेमका कुठवर जाऊ शकतोस, हे बाबांनी त्यांच्या तोंडून ऐकलेलं बरं.