अमेरिकन डेथ मेटल बँड सफोकेशनचा १९९१ चा 'ह्यूमन वेस्ट' ईपी (अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड) वेगळा ऐकायची गरज आहे का? आवाज डेमोसारखा (लेबल मिळण्याआधीच्या कच्च्या रेकॉर्डिंगसारखा) आहे आणि तीच गाणी पुढे अल्बममध्ये आहेतच ना?

गरज आहे. 'तीच गाणी पुढे आहेतच' हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलंय की आता त्याचा सोक्षमोक्ष लावूनच टाकतो.

सहापैकी पाच गाणी बँडने पुढे पुन्हा रेकॉर्ड केली, पण ती एका जागी नाहीत. 'इन्फेक्टिंग द क्रिप्ट्स', 'मास ऑब्लिटरेशन' आणि 'जीझस वेप्ट' ही तीन 'एफिजी ऑफ द फरगॉटन' या पहिल्या अल्बमवर आहेत. 'सिंथेटिकली रिव्हाइव्ह्ड'साठी १९९५ चा 'पिअर्स्ड फ्रॉम विदिन' उघडावा लागतो. 'कॅटाटोनिया' तर १९९८ च्या 'डिस्पाइज द सन'वर आहे, आणि तोही ईपीच. त्यातही शेवटच्या दोन गाण्यांच्या वेळी ड्रमवर माइक स्मिथ नाही. १९९५ ला डग बोन आहे, १९९८ ला डेव्ह कलरॉस. स्मिथशिवायचं सफोकेशन आणि स्मिथचं सफोकेशन यांत फरक वाटत नसेल, तर मग कुठलंही रेकॉर्डिंग ऐका, काही बिघडत नाही.

'एफिजी'वरची तीन गाणी मात्र सोन्यासारखी आहेत, कारण तुलनेला ती फार सोयीची. फ्रँक मलन, टेरन्स हॉब्स, डग सेरिटो, जॉश बॅरोन, माइक स्मिथ हीच पाच माणसं, वर्षही तेच १९९१. बदलला तो मुख्यतः स्टुडिओ आणि बटणांमागचा माणूस. 'एफिजी' फ्लोरिडात, टॅम्पाच्या मोरिसाउंडमध्ये स्कॉट बर्न्सकडे झाला. (एक फरक विसरू नका: 'मास ऑब्लिटरेशन'मध्ये तिथे जॉर्ज फिशरचा पाहुणा आवाज आहे, म्हणून तुलनेला ते गाणं घेऊ नका.)

आता 'डेमोसारखा आवाज' म्हणजे नेमकं काय, ते बघू. समजा ब्लास्ट बीट (ड्रमचा अतिवेगवान ठेका) २०० बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला २०० बीटवर, चाललाय. सोळांश (एका बीटमध्ये चार ठोके) धरले तर सेकंदाला तेरा-चौदा ठोके, म्हणजे दोन ठोक्यांत फक्त ७५ मिलिसेकंद. खोलीचा घुमारा अर्धा सेकंद टिकला तरी एका ठोक्याची शेपटी पुढच्या सहा ठोक्यांवर पसरते. त्यात खाली गर्दी वेगळीच. गिटारची जाड तार डीला उतरवली तर ती ७३ हर्ट्झवर, बेस त्याच्या एक सप्तक खाली, आणि किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) धबका साधारण ६० ते ८० च्या आसपास. तिघं एकाच दारातून घुसतात आणि ऐकणाऱ्याला नुसती घरघर मिळते. यावर उपाय म्हणजे किकचा तळ आवरून त्याची 'टिक' वर आणायची, ती असते ३ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. मोरिसाउंडच्या त्या काळच्या रेकॉर्डमध्ये प्रत्येक किक मोजता येते ती या टिकेमुळे. ईपीवर ही सफाई कमी आहे. पण रिफ (गिटारचे पुन्हापुन्हा येणारे तुकडे) तिथेही स्पष्ट कळतात, म्हणून त्याला सरसकट 'डेमो' म्हणणं मला आळशीपणा वाटतो. बँडचा डेमो वेगळा आहे, १९९० चा 'रीइन्क्रिमेशन'. तो ऐका आणि मग ठरवा.

तुलना करायची तर 'इन्फेक्टिंग द क्रिप्ट्स' घ्या. दोन्हींचा आवाज कानाला सारखा होईपर्यंत एक कमी करा, कारण थोडासा मोठा वाजणारा मिक्स कुणालाही 'चांगला' वाटतो. नंतरच्या आवृत्त्यांचं मास्टरिंग (आवाजाची शेवटची जुळणी) मूळपेक्षा मोठं असू शकतं, तेव्हा कुठली आवृत्ती वाजतेय ते आधी बघा. मोबाइलच्या स्पीकरवर हा खेळ करूच नका. त्यातून २०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच येत नाही, उरते ती फक्त टिक, मग 'एफिजी' आपोआप जिंकतो. हेडफोन लावा. पहिल्यांदा फक्त किक ऐका, दुसऱ्यांदा बेस, तिसऱ्यांदा वेग उतरतो तो भाग. तिसऱ्या वेळी ईपीची बाजू मला वरचढ वाटते. कडा घासलेल्या नसल्यामुळे पाम म्यूटचा (तळहाताने तारा दाबून वाजवलेला) प्रत्येक घाव जास्त जड पडतो.

ईपीच्या स्वागताबद्दल बोलायचं, तर गणित सोपं आहे. हा ईपी रिलॅप्स या लेबलच्या अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डपैकी. लाँग आयलंडच्या या पोरांना त्यानंतर रोडरनरसारखं मोठं लेबल मिळालं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'एफिजी' आला, डॅन सीग्रेव्हच्या मुखपृष्ठासह. ईपीला स्वतःच्या नावावर जगायला पुरतं एक वर्षही मिळालं नाही. म्हणून आजही त्याच्याकडे 'एफिजीची पूर्वतयारी' म्हणूनच बघतात. त्यात चूक ईपीची नाही, कॅलेंडरची आहे.

'प्रॉडक्शन महत्त्वाचं नसतं, गाणं महत्त्वाचं' असं म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे, आणि त्याला उत्तर याच बँडकडे आहे. १९९३ च्या 'ब्रीडिंग द स्पॉन' या दुसऱ्या अल्बमच्या वेळी लेबलने हात आखडता घेतला, बर्न्सकडे जाता आलं नाही आणि रेकॉर्डिंग घराजवळच उरकलं. रचना अफाट, पण मिक्स इतका चिखल की रिफ शोधावे लागतात. बँडलाही तो सलत असणार, नाहीतर पुढच्या बऱ्याच अल्बमवर त्यातलं एकेक गाणं नव्याने का वाजवलं? शीर्षकगीत १९९५ ला, 'प्रिल्यूड टू रिपल्शन' २००६ ला, 'मॅरिटल डेसिमेशन' २००९ ला, 'बिगिनिंग ऑफ सॉरो' २०१३ ला. कच्चं आणि चिखल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'ह्यूमन वेस्ट' कच्चा आहे, 'स्पॉन' चिखल आहे. हा फरक कळत नसलेले लोक दोन्हींना एकाच पोत्यात भरतात आणि वर दोन्हींना 'अंडरग्राउंड आवाज' म्हणून गौरवतात.

विनाइल घ्यायचा विचार असेल तर एक फायदा आहे. अख्खा ईपी पंचवीस मिनिटांच्या आत आहे, म्हणजे एका बाजूला बारा-तेरा मिनिटं. इतक्या कमी वेळासाठी खाचा ऐसपैस कापता येतात, बेस छाटावा लागत नाही. चाळीस मिनिटांच्या अल्बमला ही चैन परवडत नाही.

नवखे असाल तर आधी 'एफिजी' ऐका, हे आधीच सांगायला हवं होतं. आणि स्लॅमची (संथ, जड रिफवर उभ्या डेथ मेटलच्या उपप्रकाराची) सुरुवात कुठून, या वादात मी ईपीच्या बाजूने असलो तरी सगळे ज्या संथ रिफची नक्कल करतात तो 'एफिजी'वरच्या 'लीज ऑफ इनव्हेरॅसिटी'मधला आहे आणि ते गाणं ईपीवर नाही, एवढं मान्य करावं लागतं.